टूकनला पोपटाचा शेजार नको

ब्राझीलच्या पश्चिमेला, बोलिव्हिया आणि पॅराग्वेच्या सीमांना लागून, पांतानाल नावाचा अफाट पाणथळ प्रदेश आहे. तिथे मांदुवी नावाचा मऊ लाकडाचा उंच वृक्ष वाढतो. जगातला सर्वांत लांब पोपट, म्हणजे जवळजवळ मीटरभर लांबीचा गर्द निळा हायसिंथ मकाव, या प्रदेशात दहातली नऊ घरटी याच झाडाच्या ढोलीत करतो. एवढा मोठा पक्षी मावेल अशी ढोली तयार व्हायला झाडाने साठी ओलांडावी लागते. त्यामुळे ढोल्या थोड्या आणि गरजू पक्षी फार, अशी तिथली नेहमीची स्थिती आहे. १९९० पासून या मकावसाठी झटणाऱ्या नेइवा गेदेस आणि त्यांचे सहकारी संशोधक यांनी २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मांदुवीच्या बिया रानभर पसरवण्याचे चार-पंचमांशाहून अधिक काम टोको टूकन हा एकटा पक्षी करतो, असे त्यांना आढळले. आणि मकावची जी अंडी भक्षकांच्या तोंडी जातात, त्यांतली निम्म्याहून अधिक खाणाराही हाच टूकन. मकावला घर मिळते ते टूकनमुळे आणि त्याचा वंश खुंटतो तोही टूकनमुळे. टूकन हटवला तर उद्याची झाडे जातात, ठेवला तर आजची अंडी जातात, असा हा पेच आहे.

घरात पोपटाच्या जोडीला टूकन पाळावा का, या प्रश्नाचे उत्तर मला या पांतानालच्या गोष्टीतच दिसते. हे दोन पक्षी एका रानात राहतात, एकमेकांच्या उपयोगी पडतात, एकमेकांचे नुकसानही करतात. तरीही दोघे टिकून आहेत, कारण मधे अंतर आहे. टूकन एका झाडावर फळे खातो आणि बिया दुसरीकडे जाऊन टाकतो. पनामात टूकनच्या पाठीवर यंत्रे बसवून केलेल्या २०११ च्या एका अभ्यासात रानजायफळाच्या जातीतल्या बिया तो सरासरी २५ मिनिटांनी ओकून टाकतो आणि तोवर झाडापासून सरासरी १४४ मीटर दूर गेलेला असतो, असे दिसले. या अंतरामुळे उपकार घडतो, आणि या अंतरामुळेच मकावला ढोलीवर पहारा ठेवता येतो, हुसकावून लावता येते, निसटता येते. दिवाणखान्यात आणलेल्या जोडीमधले हे अंतर आपण काढून घेतो. तिथे बिया रुजत नाहीत, झाडे उगवत नाहीत. या नात्यातला लाभाचा भाग रानातच राहतो आणि अपायाचा भाग तेवढा घरात येतो.

तरीही ही हौस का वाढते, हे समजण्यासारखे आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांतून मकाव, कॉकाटू, सन कोन्यूर, आफ्रिकन ग्रे हे परदेशी पोपट घरोघरी दिसू लागले. हातावर बसून द्राक्ष झेलणाऱ्या टूकनचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. २०११ च्या ‘रिओ’ या चित्रपटात निळ्या मकावचा जिवलग मित्र टूकनच दाखवला आहे. दोघेही रंगीत, दोघेही दक्षिण अमेरिकेतले, दोघांचीही चोच लक्षात राहणारी, त्यामुळे दोघे एकाच बिरादरीचे असावेत असा समज सहज होतो. प्रत्यक्षात टूकनचे सगेसोयरे सुतार पक्षी आणि तांबट. आपल्या वडा-पिंपळावर ‘टुक टुक’ करत बसणारा तांबट हा टूकनच्या गोतातला. पोपटाचे नाते मात्र, जनुकांच्या अभ्यासातून दिसते त्याप्रमाणे, ससाण्यांशी आणि चिमणी-बुलबुलांच्या मोठ्या गटाशी अधिक जवळचे आहे. (कोकणात आणि गोव्यात दिसणारा धनेश टूकनसारखा भासतो, पण तोही वेगळ्या कुळाचा. सारखे जगणे असल्यामुळे सारखी चोच आली, इतकेच.) ही वंशावळ केवळ पुस्तकी नाही. पोटात काय पचते, चोच कशासाठी आहे, बसायला काय लागते, हे सगळे तिच्यावरून ठरते.

दोघांना खाताना नीट पाहिले तर फरक लगेच कळतो. पोपट पेरूची फोड एका पायात धरतो, बहुधा डाव्या, ती फिरवत फिरवत कुरतडतो, बी वेगळी काढतो, टरफल सोलतो आणि जाड जिभेने गर चाचपतो. त्याची वरची चोच कवटीशी बिजागरीसारखी जोडलेली असल्यामुळे तिला जोर आहे. टूकन फोड पायात धरत नाही. लांब चोचीच्या टोकाने तो ती अलगद उचलतो, मान झटक्याने मागे टाकतो आणि फोड हवेतून थेट घशात जाते. त्याची जीभ अरुंद, कडेला पिसासारखी चिरलेली. बी फोडणे त्याला जमत नाही. म्हणून मऊ फळ, जोडीला किडे, सरडे, अंडी, पिल्ले असा त्याचा आहार असतो. फळ फार वेळ पोटात राहत नाही, त्यामुळे त्याची विष्ठा पातळ असते आणि थोड्या थोड्या वेळाने पडत राहते. बंद खोलीत हा पक्षी ठेवणाऱ्याला रोज भिंती धुवाव्या लागतात, हे विकणारा सहसा सांगत नाही.

आहारातल्या या फरकातून जिवावर बेतणारी गोष्ट उद्भवते ती लोहाची. टूकनचे रानातले खाणे लोहाच्या बाबतीत तुटपुंजे असते. अशा आहारावर पिढ्यान् पिढ्या जगलेले शरीर मिळेल तेवढे लोह शोषून घ्यायला सरावलेले असते, आणि जास्त झालेले लोह बाहेर टाकण्याची सोय त्याच्यापाशी नसते. पिंजऱ्यात लोहयुक्त खाणे मिळू लागले की ते यकृतात साठत जाते. या विकाराला हिमोक्रोमॅटोसिस म्हणतात. आपल्याकडच्या पहाडी मैनेलाही कैदेत हाच विकार होतो आणि पक्षिवैद्यकात तिचे उदाहरण नेहमी दिले जाते. यातली वाईट गोष्ट अशी की, वरून काही दिसत नाही. पिसे चकचकीत, खाणे व्यवस्थित, आणि एके दिवशी पक्षी दांडीवरून खाली पडलेला सापडतो. लक्षणे दिसली तर ती उशिराची असतात : पोट फुगणे, धाप लागणे, मलूल होणे. उपचार म्हणजे थोडे थोडे रक्त काढत राहणे आणि लोह बांधून बाहेर नेणारी औषधे देणे. ते करू शकणारा पक्ष्यांचा डॉक्टर आपल्या मोठ्या शहरांतही शोधावा लागतो.

आता घरातल्या पोपटाची वाटी डोळ्यांसमोर आणा. भिजवलेले हरभरे, मिरची, पेरू, कधी संत्र्याची फोड, पालकाची पाने, आणि हल्ली पोपटासाठी मिळणाऱ्या तयार दाणेदार गोळ्या. पोपटासाठी हे बरेचसे योग्य आहे. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेल्या पोपटाला अ जीवनसत्त्व कमी पडते, म्हणून पालेभाजी आणि गोळ्या त्याला द्यायलाच हव्यात. पण टूकनच्या खाण्यात किलोमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी लोह असावे, असे पशुवैद्यक सांगतात. पोपटाच्या गोळ्यांत ते बऱ्याचदा याहून जास्त असते. त्यात भर म्हणजे क जीवनसत्त्व आणि आंबट फळांतली आम्ले सोबतच्या अन्नातले लोह शोषायला मदत करतात. म्हणून टूकनला संत्री-मोसंबी देत नाहीत. पेरूमध्ये तर क जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी अधिक असते, तेव्हा गोळ्या आणि पेरू एकत्र पोटात गेले की धोका वाढतो. उलट टूकनची वाटी, म्हणजे पपई, केळे, खरबूज, सफरचंद यांच्या फोडी आणि कमी लोहाच्या खास गोळ्या, पोपटाने दिवसभर खाल्ली तर त्याच्या पोटात साखर जास्त जाते, प्रथिने कमी पडतात. दोघे एका जागी असताना कोण कोणाच्या वाटीतून काय उचलतो, यावर माणूस चोवीस तास लक्ष ठेवू शकत नाही. एकाचे औषध दुसऱ्याचे विष ठरते, आणि ते विष वर्षभर कुणाच्या ध्यानातही येत नाही.

चोचीचा धोका याहून उघड आहे. टोको टूकनची चोच त्याच्या लांबीच्या जवळजवळ एक-तृतीयांश असते, पण वजनात ती शरीराच्या एक-विसांश भरते. वरून केराटिनच्या पातळ पापुद्र्यांचे कवच आणि आत हाडाच्या बारीक तंतूंची फेसासारखी पोकळ जाळी, अशी तिची घडण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मार्क मायर्स यांच्या गटाने २००५ मध्ये उलगडून दाखवली. २००९ मध्ये ग्लेन टॅटरसॉल आणि ब्राझीलमधल्या सहकाऱ्यांनी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी पाहिले, तेव्हा हीच चोच शरीर थंड ठेवण्याचे काम करते असे दिसले. उकाडा वाढला की टूकन चोचीतल्या रक्तवाहिन्यांत रक्त सोडतो आणि चोचीच्या पृष्ठभागावरून उष्णता निघून जाते. थंडी वाढली की तो हा प्रवाह आवळतो. म्हणजे चोच हे त्याचे खाण्याचे साधन आहे, हत्यार आहे आणि जिवंत उपकरणही आहे. शेजारी बसलेला पोपट जग ओळखतो तो कुरतडून. खुर्चीचा पाय, चार्जरची वायर, दाराची चौकट, हाताला लागेल ते तो चोचीत धरून दाबून पाहतो. त्याच्या पुढ्यात एक लांब, चमकदार, पोकळ वस्तू सतत हलत राहिली तर तो तिला हात लावणारच. पोपटाची दुष्ट बुद्धी यात नाही. टूकनही शांत बसत नाही. टूकन एकमेकांशी चोचींनी तलवारबाजी केल्यासारखे खेळतात. तो खेळ पोपटाला कळत नाही आणि त्याला त्याचे उत्तर चाव्यानेच देता येते.

चोच तुटली म्हणजे काय होते, हे कोस्टा रिकात सगळ्यांनी पाहिले. २०१५ मध्ये ग्रेसिया या गावाजवळ काही तरुणांनी एका टूकनची वरची अर्धी चोच तोडली. त्या पक्ष्याचे नावही ग्रेसियाच पडले. त्याला प्राणी-बचाव केंद्रात ठेवून, अभियंते आणि दंतवैद्य यांच्या मदतीने, त्रिमितीय छपाईने बनवलेली कृत्रिम चोच २०१६ मध्ये बसवण्यात आली. त्या प्रकरणातून उठलेल्या लोकक्षोभामुळे २०१७ मध्ये त्या देशात प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध कडक कायदा झाला. एका पक्ष्याच्या चोचीसाठी एवढ्या जणांचे हात लागले, तेव्हा तो पुन्हा नीट खाऊ शकला. आपल्या फ्लॅटमध्ये रविवारी दुपारी असे काही घडले तर त्या पक्ष्यामागे कोण उभे राहणार आहे?

पोपट लहान असेल, म्हणजे लव्हबर्ड, बजरीगर किंवा कोकाटील, तर प्रश्न जखमेवर थांबत नाही. टूकन अंडी आणि पिल्ले खातो आणि लहान पक्षीही सहज पकडून गिळतो. मिश्र पक्षिगृहांत टूकनने सोबतचे छोटे पक्षी मारल्याचे अनुभव पक्षी पाळणाऱ्यांमध्ये सर्वज्ञात आहेत. मोठा पोपट असेल तर पारडे उलटते आणि टूकन संकटात येतो. दोघेही सुरक्षित राहतील अशी जोडी मला या यादीत कुठेच सापडत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो माणसाळलेल्या पक्ष्यांचा. पिल्लू असल्यापासून हाताने भरवलेला टूकन खरोखर लाघवी असतो, हाक मारली की येतो, डोके खाजवून घेतो. पण हाताने भरवल्याने पक्ष्याचे माणसाशी असलेले नाते बदलते. दुसऱ्या जातीच्या पक्ष्याशी असलेले नाते तसेच राहते. उलट माणसावर जीव जडलेला पोपट मालकाच्या खांद्यावर दुसरा पक्षी दिसला की चवताळतो, हे पोपट पाळणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. दुसरा आक्षेप प्राणिसंग्रहालयांचा : तिथे तर एका मोठ्या जाळीत अनेक जाती नांदतात. नांदतात, कारण तिथे उंच झाडे असतात, उडून लांब जाता येते, खाण्याच्या जागा वेगवेगळ्या असतात, भांडण झाले की वेगळे ठेवायला मागे बंद खोल्या असतात आणि डॉक्टर पगारावर असतो. म्हणजे ते पांतानालमधले अंतर पैसे खर्चून पुन्हा उभे करतात. एवढे करूनही कोणती जात कोणाबरोबर ठेवायची हे ते पुन्हा पुन्हा तपासतात.

तिसरा आक्षेप सर्वांत समंजस आहे : दोघांना वेगवेगळे पिंजरे देऊ, खोली मात्र एक. यामुळे चावे आणि चोरून खाणे टळेल, हे मी मान्य करतो. पण पिंजराच मुळात दोघांना सारखा चालत नाही. पोपट चोचीचा तिसऱ्या पायासारखा उपयोग करून गज धरत चढतो, म्हणून उभा पिंजराही त्याला काही प्रमाणात वापरता येतो. टूकन गजांवर चढत नाही. तो फांदीवरून फांदीवर उड्या मारत आडवा हिंडतो, त्याला खोलीएवढी लांबी लागते. ती मिळाली नाही तर तो दोन दांड्यांमध्ये तेच ते अंतर दिवसभर कापत राहतो. हवाही एकच असते. पोपटांना होणारा सिटॅकोसिस हा जंतुसंसर्ग वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून पसरतो, बाहेरून ठणठणीत दिसणारा पोपटही तो बाळगून असू शकतो, आणि तो इतर पक्ष्यांना तसेच माणसालाही होतो. माणसात त्याचा न्यूमोनिया होऊ शकतो. घरात म्हातारी माणसे असतील तर हा मुद्दा पक्ष्यांपुरता राहत नाही.

चौथा युक्तिवाद करुणेतून येतो, म्हणून त्याचे उत्तर काळजीपूर्वक द्यायला हवे. पोपट एकटा आहे, त्याला सोबत हवी. हे अगदी खरे आहे. पोपट थव्यात राहणारा पक्षी आहे, त्याची बुद्धी तल्लख आहे. आयरीन पेपरबर्ग यांनी तीस वर्षे शिकवलेला आफ्रिकन ग्रे जातीचा ॲलेक्स रंग, आकार, संख्या ओळखून सांगत असे. एवढे डोके रिकामे राहिले की पोपट स्वतःची पिसे उपटतो, ओरडत राहतो. पण ही भूक टूकन भागवू शकत नाही. पोपटाला सोबत म्हणजे त्याची बोली बोलणारा, त्याची पिसे साफ करून देणारा सोबती हवा. त्याच जातीचा दुसरा पोपट, किंवा तो शक्य नसेल तर घरातल्या माणसाचा रोजचा भरपूर वेळ, कुरतडायला ताजी लाकडे, शोधून खावे लागेल असे लपवलेले दाणे. यांतले काहीच विकत घेतलेल्या टूकनने साधत नाही. एका एकाकी पक्ष्याशेजारी दुसरा एकाकी पक्षी मात्र येऊन बसतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. आपला कंठवाला हिरवा पोपट, ज्याला घरोघरी राघू म्हणतात, तो आणि भारतातले सगळेच रानपोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांना पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे, मग ते कितीही वर्षे घरात असोत. टोको टूकनसह टूकनच्या अनेक जाती वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. २०२२ ची कायदादुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी आवश्यक झाली, आणि २०२४ च्या नियमांनुसार ती केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करायची असते. जन्म, मृत्यू, दुसऱ्याला देणे, हेही कळवावे लागते. म्हणजे कागदपत्रे असलेला टूकन कायद्याने ठेवता येतो. पण कायदा परवानगी देतो म्हणून ते पक्ष्याच्या हिताचे ठरत नाही. शिवाय म्यानमारच्या सीमेवरून मिझोराममार्गे आणि बँकॉकहून विमानाने परदेशी प्राण्यांची तस्करी चालते, सीमाशुल्क आणि महसूल गुप्तचर विभाग ते वारंवार पकडतात. दुकानात समोर बसलेला पक्षी कुठून आला, हे पावतीवरून कळेलच असे नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : पोपट असलेल्या घरात टूकन आणू नये, आणि माझ्या मते पोपट नसलेल्या घरातही आणू नये. ज्यांच्याकडे दोन्ही पक्षी आधीच आहेत त्यांनी त्यांना आजच वेगवेगळ्या खोल्यांत हलवावे. वाट्या, पाणी आणि साफसफाईची फडकी वेगळी करावीत. टूकनच्या गोळ्यांच्या पाकिटावर लोहाचे प्रमाण वाचावे, ते लिहिलेले नसेल तर त्या गोळ्या बंद कराव्यात. पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन त्याची रक्ततपासणी आणि यकृताची तपासणी करून घ्यावी. नोंदणी राहिली असेल तर वनविभागाशी बोलून ती मार्गी लावावी. आणि पक्ष्याला रस्त्यावरच्या झाडावर सोडून देऊ नये, कारण टूकनला इथले रान ठाऊक नाही आणि इथल्या घरट्यांतल्या अंड्या-पिल्लांना टूकन ठाऊक नाही.